सव्वीस वर्षं वेशीबाहेर

माझे भावोजी सव्वीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवत होते. खालच्या शहरातल्या डेपोतून निघायचं, तेवीस वळणं चढायची आणि डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावाच्या वेशीपाशी गाडी उभी करायची. दिवसाला तीन खेपा. गाडी छोटी, बावीस माणसांची. कंडक्टर नाही. तिकिटं तेच फाडायचे, म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या तेच वर घ्यायचे, आणि कुणी घाई केली की म्हणायचे, "जरा सबुरीनं." त्यामुळे डेपोत त्यांचं नावच सबुरीकाका पडलं. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली बहीण, म्हणते की या माणसाला घाईनं करता येणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे झोपणं. उशीला डोकं टेकलं की घोरायला सुरुवात.

ते गाव सहाशे वर्षांचं. चारी बाजूंनी दगडी तट आणि आत जायला एक अरुंद वेस. तिच्यातून हातगाडी जेमतेम जाते, बस जायचा प्रश्नच नाही. लांबलांबून लोक ते गाव बघायला येतात. येणारा प्रत्येक जण आधी भावोजींच्या गाडीत बसायचा, आणि उतरताना त्यांना हमखास विचारायचा, "काका, आत काय काय बघण्यासारखं आहे?"

पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी असंच विचारलं. भावोजींनी सरळ सांगितलं, "मला नाही माहीत." ते गृहस्थ मोठ्यानं हसले आणि बायकोला म्हणाले, "बघ, रोज इथे येतो आणि याला ठाऊक नाही!" गाडीतले बाकीचेही हसले. भावोजींना ते लागलं. स्वभावानं शांत माणूस, पण लागलेलं विसरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक क्रम सुरू केला. परतीच्या खेपेला जो कुणी पुढच्या सीटवर बसेल त्याला विचारायचं, काय पाहिलंत, कसं होतं, कुठून गेलात. लोकांनाही सांगायला आवडायचं. घंटाघर किती वाजता उघडतं, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं कुठे आहे, तटावरून सूर्य कुठल्या बाजूला मावळताना दिसतो, सगळं भावोजींच्या डोक्यात जमा होत गेलं. वर्षभरात ते इतकं बैजवार सांगायला लागले की लोक उतरताना त्यांचे आभार मानायचे. "वेशीतून आत गेलात की डावीकडे वळा. पन्नास पावलांवर घंटाघर. टाकं त्याच्या मागे. पायऱ्या ओल्या असतात, बायकांनी जपून." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पुढे पुढे त्यांची ख्याती झाली. शहरात कुणाकडे पाहुणे आले की यजमान म्हणायचे, वर जाणार असाल तर सबुरीकाकांच्या गाडीनं जा, गाव त्यांना तोंडपाठ आहे.

भावोजी निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन खोल्यांच्या घरात ते कुठे लावायचं यावर नवरा-बायकोचा आठवडा गेला. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसभर हातोडीचा ठकठकाट चालतो, म्हणून घड्याळाची टिकटिक ऐकू येणार नाही अशी ताईची खात्री होती. मी समोरच्याच इमारतीत राहते आणि सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहिते. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्तीनंतरचे आठ महिने भावोजींनी नळ दुरुस्त करण्यात, खिळे-स्क्रू वेगवेगळ्या बरण्यांत भरण्यात आणि ताईच्या पायात पायात येण्यात घालवले.

मग एका शनिवारी मुख्याध्यापिका बाई आल्या. आमच्या भागातल्या शाळेतून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण अजूनही लोक त्यांना पाहून सिगारेट पाठीमागे लपवायचे. निवृत्त शिक्षकांचं एक मंडळ होतं, त्याच्या त्या प्रमुख.

"आमची सहल ठरलीय, वरच्या गावाची," बाई खुर्चीवर ताठ बसून म्हणाल्या. "येत्या गुरुवारी. सतरा जण आहोत. सगळं दाखवायला माहीतगार माणूस हवा. मी म्हटलं, तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?"

भावोजींचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "माहिती... तशी आहे."

"मग ठरलं. नऊ वाजता वेशीपाशी."

बाई गेल्या. भावोजींचा चहा तसाच गार झाला. ताईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का. त्यांनी मान हलवली. मी मटार सोलत होते, तेही त्यांनी सोलायला घेतले आणि दाणे कचऱ्यात, सालं पातेल्यात टाकायला लागले. तेव्हा मात्र ताईनं त्यांच्यासमोरचं पातेलं ओढून घेतलं.

"अहो, काय झालंय? बोला एकदाचं."

"मी त्या गावात गेलेलो नाही," भावोजी म्हणाले.

"कुठल्या गावात?"

"वरच्या."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. "अहो, सव्वीस वर्षं दिवसातून तीनदा जात होतात की!"

"वेशीपर्यंत."

मग सगळं बाहेर आलं. वेशीबाहेरची ती जागा उताराची. डेपोचा नियम असा की ड्रायव्हरनं तिथे गाडी सोडून जायचं नाही. चाकांमागे दगड लावायचे आणि गाडीजवळच थांबायचं. परतीला चाळीस मिनिटं असायची. त्यात डबा खायचा, काच पुसायची, टायर बघायचे. समोर वेशीतून दिसायच्या दोन पायऱ्या, भिंतीचा एक कोपरा आणि एक बंद दार. गावाचं त्यांना घडलेलं दर्शन तेवढंच.

"मग सुट्टीच्या दिवशी जायचं होतंत," मी म्हटलं.

"सुट्टीच्या दिवशी कोण पुन्हा ती तेवीस वळणं चढेल? सुरुवातीला कंटाळा केला. नंतर नाव झालं. नाव झाल्यावर आत जाऊन मी कुणाला रस्ता विचारणार? लोक म्हणतील, सबुरीकाका, तुम्ही?" त्यांनी मटाराची एक शेंग उचलून परत ठेवली. "आणि खरं सांगू? मनात ते गाव इतकं छान तयार झालं होतं की म्हटलं, असू दे तसंच."

"म्हणजे इतकी वर्षं लोकांना थापा मारल्यात?" ताई म्हणाली.

"थापा नाही. 'मी पाहिलंय' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मी म्हणायचो, 'आहे.' आणि ते सगळं आहेच."

यावर ताईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, मग मी, आणि शेवटी भावोजीही, जरा ओशाळून. हसणं ओसरल्यावर ताई एकदम कामाच्या सुरात म्हणाली, "मंगळवारी जायचं. गुरुवारच्या आत गाव पाठ करायचं. तू रजा टाक."

मी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती अडचण.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं आठच्या बसमध्ये बसलो. नवी ड्रायव्हर म्हणजे पंचविशीतली मुलगी, भावोजींच्याच हाताखाली गाडी शिकलेली. त्यांना पाहून ती उठून उभी राहिली. "काका! आज कसे काय?"

"ओळखीच्यांकडे चाललोय," भावोजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

प्रवासी म्हणून बसणं त्यांना जमतच नव्हतं. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दाबला जायचा. चौदाव्या वळणाला, जिथे रस्ता केसाच्या पिनेसारखा उलटा फिरतो, तिथे ते पुटपुटले, "आता दुसरा गिअर टाक." ताईनं त्यांना चिमटा काढला. पोरीनं दुसरा टाकला होताच.

वेशीपाशी गाडी थांबली. पोरगी खाली उतरून चाकांमागे दगड लावायला लागली. भावोजी पाच मिनिटं तिथेच रेंगाळले. दगड नीट बसलेत का ते पाहिलं, टायरवर हात फिरवला. शेवटी ताईनं त्यांचा दंड धरला. "चला."

वेशीच्या कमानीखाली अंधार आणि गारवा होता. फरशीच्या दगडांत हातगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, भिंतीत कोरलेल्या छोट्या खोल्यांसारख्या, आणि त्यांत दगडी बाक. बसून बसून बाकांना खळगे पडले होते. भावोजी त्यातल्या एका खळग्यात बसले. अगदी मापाचा निघाला. तिथून बाहेर पाहिलं तर नेमकी बस उभी राहायची ती जागा दिसत होती.

"यानंही आतलं गाव पाहिलं नसेल," ते म्हणाले. कोण, ते आम्हाला कळलं.

मग आम्ही आत गेलो आणि पहिल्या फाट्यावर भावोजींच्या सांगण्याप्रमाणे डावीकडे वळलो. पन्नास पावलं झाली, शंभर झाली. गल्ली अरुंद होत होत उतरायला लागली. घंटाघर काही दिसेना. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना टेकतील इतकीच रुंदी, आणि भावोजी खरोखरच मधूनमधून हात पसरून बघत होते. सात फूट रुंदीची गाडी इतकी वर्षं चालवलेला माणूस, त्याला ती सवय जाणार कशी! छपरांखाली पाकोळ्यांची घरटी होती. त्यांचा किलबिलाट, ओल्या दगडांचा वास, कुठल्याशा घरातून लाकडाचा धूर.

"हे कुणीच सांगितलं नव्हतं," भावोजी म्हणाले. "वासाचं आणि या आवाजाचं."

गल्ली संपली तिथे धुण्याचे चार मोठे दगडी हौद होते, वाहत्या पाण्याचे, वर कौलांचं छप्पर. हौदांशेजारी एका घराचं दार उघडं होतं. दारात दोन लांब बाकं, आणि बुटक्या स्टुलावर एक सत्तरीच्या बाई टोपली विणत बसल्या होत्या. पायाशी पाण्यात भिजत घातलेल्या बारीक काटक्यांच्या मोळ्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "घंटाघर ना? मागे जा, फाट्यावरून उजवीकडे. पण आलाच आहात तर बसा. चहा ठेवते."

"उजवीकडे?" भावोजी म्हणाले.

"उजवीकडेच. बसमधून आलात ना? मग चुकणारच. तो ड्रायव्हर सगळ्यांना डावीकडे पाठवतो. पूर्वीचा होता, तो पाठवायचा, आता नवी आलीय, तीही त्याचंच ऐकून पाठवते."

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. मला लगेच उलगडलं. परतणारे लोक गावातून बाहेर येताना जसं दिसलं तसं सांगायचे. घंटाघराकडून वेशीकडे येताना जे डावीकडे, ते आत जाताना उजवीकडे. एवढा एक फरक, आणि सव्वीस वर्षं हजारो माणसं चुकीच्या गल्लीत!

"मग तुम्हाला त्रास होत असेल," भावोजी कसेबसे म्हणाले. "एवढी माणसं दारात..."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "त्रास? अहो, या गल्लीत पूर्वी चिटपाखरू यायचं नाही. हे गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि मी एकटी या भिंतींशी बोलत बसायची. टोपल्या बाजारात नेऊन विकायला गुडघे राहिले नव्हते. मग हळूहळू ही चुकलेली माणसं यायला लागली. दमलेली असायची, बसायची, पाणी मागायची. बसली की माझे हात बघायची. बघितलं की एखादी टोपली घ्यायचीच. बाकं मी त्यांच्यासाठी करून घेतली. त्या ड्रायव्हरचं भलं होवो. मला नेहमी भीती, कुणीतरी त्याला जाऊन सांगेल, बाबा रे, चुकतोयस. म्हणून मी प्रत्येकाला बजावते, तिकडे काही बोलू नका, बिचारा प्रामाणिक माणूस आहे, वाईट वाटून घेईल."

"परत येताना लोक म्हणायचे खरं," भावोजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "'रस्ता चुकलो, पण मजा आली.' मला वाटायचं, लोक बेशिस्त आहेत. नीट सांगूनही..."

बाईंचे हात थांबले. त्यांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "शेवटच्या वळणावर दोन आखूड आणि एक लांब हॉर्न वाजवायचा, तो तुम्ही?"

"हो, मीच."

ताईला आता हसू फुटत होतं, पण तिनं हौदाकडे तोंड वळवलं. टोपलीवाल्या मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, पाणी देतील. त्यांनी झापायलाच सुरुवात केली.

"सव्वीस वर्षं गाडी तिथे उभी असते आणि तुम्ही एकदा आत आला नाहीत? आम्ही काय चावतो?"

"नियम होता. गाडी सोडून..."

"नियम! आणि सुट्ट्यांना काय झालं होतं?" मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "थांबा. चपला घालते. आज गाव मी दाखवते तुम्हाला."

त्यांनी दाराला नुसती कडी लावली आणि आम्हाला घेऊन निघाल्या. गुडघे गेले म्हणणारी ही बाई पायऱ्या आमच्यापेक्षा झपाझप चढत होती. घंटाघर पाहिलं. भावोजींच्या कल्पनेत ते आभाळाला टेकलेलं होतं, प्रत्यक्षात ते आमच्या इमारतीपेक्षा एका मजल्यानंच उंच निघालं. ते जरा हिरमुसले. पण टाकं पाहून काठाशीच खिळून राहिले. अख्खा खडक आत उतरत गेलेला, भिंतींवर छिन्नीचे घाव अजून ताजे वाटावेत असे, तळाशी हिरवं स्थिर पाणी. मावशी म्हणाल्या, एका मोठ्या दुष्काळात गावानं बारा वर्षं खपून ते खोदलं, आणि खोदणाऱ्यांपैकी अर्धे पाणी प्यायला उरले नाहीत. भावोजींनी पायऱ्यांवर हात ठेवला. पायऱ्या ओल्या होत्या. "हे मात्र बरोबर सांगत होतो," ते हळूच म्हणाले.

गावातून जाताना मावशी ज्याला त्याला सांगत होत्या, "हे बसवाले. दोन आखूड, एक लांब." आणि लोक दारं उघडून बाहेर येत होते. एका आजोबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. अकराच्या बसचा हॉर्न झाला की ते डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. नवी पोरगी एकच लांब हॉर्न मारते, तो ऐकू येत नाही, म्हणून आठ महिने थेंब कधी दहाला तर कधी बाराला पडताहेत. एक बाई म्हणाली, तीनच्या हॉर्नला ती मुलांना झोपेतून उठवायची. भावोजी नुसते "हो का, हो का" करत होते आणि कान लाल झाले होते.

दुपारी मावशींच्या घरी पाव, उकडलेली अंडी आणि त्यांनी केलेलं भाज्यांचं सार खाल्लं. एकच खोली, पण तिच्यात एक वस्तू दुसरीच्या आड येत नव्हती. भिंतीवर आकारानुसार टोपल्या, खिडकीत चाकू आणि सोलणी, कोपऱ्यात पलंग. जेवण झाल्यावर मावशी म्हणाल्या, "मला ओढ्यावर काटक्या कापायला जायचंय. येता? मागच्या दरवाजानं उतरायचं. बस यायच्या आधी सगळे त्याच वाटेनं यायचे."

तटाच्या मागच्या बाजूला एक ठेंगणा दरवाजा आहे. तिथून जुनी गाडीवाट डोंगराच्या कुशीतून खाली जाते. दोन्हीकडे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, प्रत्येक पायरीला दगडी बांध, मातीशिवाय, नुसता दगडावर दगड बसवलेला. मधमाश्यांच्या रंगवलेल्या पेट्या एका ओळीत होत्या. एक मेंढी आमच्याकडे बघत रवंथ करत होती. तिला पाहून ताई म्हणाली, "हुबेहूब तुमच्यासारखी. काही घाई नाही." भावोजी म्हणाले, "मग शहाणी आहे."

अर्ध्या वाटेवर डोंगराचं एक नाक पुढे आलंय. त्याला वळसा घातला आणि भावोजी उभे राहिले. समोरच्या उतारावर त्यांचा रस्ता होता. सगळाच्या सगळा, पायथ्यापासून वेशीपर्यंत. तेवीस वळणं कुणीतरी खडूनं काढल्यासारखी. त्यांनी तो आजवर काचेतून, एका वेळी पंधरा-वीस पावलं असाच पाहिला होता. आणि तीनची बस वर चढत होती. एवढीशी, नखावर मावेल अशी.

ते बोटानं वळणं मोजत होते. चौदाव्याशी बस आली तेव्हा त्यांचं बोट तिथेच थांबलं. बस जवळजवळ थांबली, मग सावकाश, अगदी सावकाश फिरली आणि पुढे गेली.

"छान घेतलं," भावोजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "अगं, हे भलतंच अवघड आहे की! मी हे रोज करत होतो?"

"रोज तीनदा," ताई म्हणाली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि बराच वेळ तो काढला नाही.

खाली ओढ्याकाठी मावशींनी काटक्या कापल्या. कुठली घ्यायची, कुठली पुढच्या वर्षासाठी ठेवायची, हे त्या नुसतं वाकवून ठरवत. ताईनं मोळ्या बांधायला मदत केली. तिथेच भावोजींनी विषय काढला. "मावशी, गुरुवारी मी सतरा माणसं घेऊन येतोय. आणि त्या पोरीलाही आता खरं काय ते सांगावं लागेल. डावीकडे नाही, उजवीकडे. चूक कळल्यावर तसंच कसं चालू ठेवू? पण मग तुमच्या गल्लीत..."

मावशींनी चाकू पुसला. "खरं तेच सांगा. सगळं खरं सांगा पण. उजवीकडे घंटाघर आणि डावीकडे मी. मी काय खोटी आहे?"

भावोजींचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी नऊ वाजता वेशीपाशी सतरा निवृत्त शिक्षक टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. मुख्याध्यापिका बाईंनी हजेरी घेतली. मग सगळ्यांची तोंडं भावोजींकडे वळली. ताई आणि मी मागे उभ्या होतो. रजा मी दोन दिवसांची टाकली होती, कारण हे चुकवणं शक्यच नव्हतं. आदल्या रात्री भावोजींनी घंटाघराची उंची, टाक्याची खोली सगळं पाठ केलं होतं. मला वाटलं, सुरू करतील.

त्यांनी घसा साफ केला. "सुरुवातीला एक सांगायचंय. मी या वेशीच्या आत आयुष्यात पहिल्यांदा परवा मंगळवारी गेलो."

बाईंच्या भुवया वर गेल्या. भावोजींनी थोडक्यात सगळं सांगितलं, डावं-उजवं धरून. शेवटी म्हणाले, "त्यामुळे माहीतगार म्हणून मी तीन दिवसांचा आहे. चालत असेल तर चला."

मागून एक गणिताचे सर म्हणाले, "थांबा. म्हणजे बारा वर्षांपूर्वी मी आणि ही त्या हौदांपाशी पोचलो, ते तुमच्यामुळे?"

"हो सर. माफ करा."

"माफ कसलं! तिथे बाकावर बसून आमचं तीन आठवड्यांचं भांडण मिटलं होतं. ती टोपली अजून आहे घरात, कांदे ठेवतो त्यात."

सगळे हसले. बाईंनी हसण्याला पुरेसा वेळ दिला आणि मग हात वर केला. तो हात वर गेला की आजही माणसं गप्प होतात. "चूक कबूल केली आहे," त्या म्हणाल्या. "आता आधी डावीकडे जाऊ या."

त्या दिवशी घंटाघर दुपारी बघून झालं. सकाळ सगळी हौदांपाशी गेली, कारण सतरा शिक्षकांपैकी प्रत्येकाला एक तरी फेर विणून बघायचा होता आणि मावशींना शिकवायला इतके विद्यार्थी एकदम कधी मिळाले नव्हते. बाईंचा फेर उसवावा लागला. त्यांनी तो निमूटपणे उसवला. उतरताना भावोजींनी सगळ्यांना जुन्या गाडीवाटेनं नेलं आणि डोंगराच्या नाकावर थांबवून तेवीस वळणं एकेक करून सांगितली. कुठे हिवाळ्यात धुकं साचतं, कुठे दरड येते, कुठे एकदा गाडीतच एका बाईच्या कळा सुरू झाल्या आणि मुलगी जन्माला आली ते. हे मात्र कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. शिक्षकमंडळी दगडी बांधावर रांगेनं बसून ऐकत होती, आणि तासभर कुणी घड्याळ पाहिलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी भावोजी वर जातात. कधी पाच माणसं असतात, कधी पंचवीस, कधी कुणीच नाही. कुणी नसलं तरी जातात. नव्या पोरीला त्यांनी आजोबांच्या थेंबांचं सांगितलं, ती आता अकराच्या खेपेला दोन आखूड आणि एक लांब हॉर्न देते. बाकीच्या दोन खेपा तिच्या मर्जीप्रमाणे. ताईही बरोबर असते. ती मावशींकडे विणायला शिकतेय. तिची पहिली टोपली एका बाजूला इतकी कलली होती की भावोजी म्हणाले, ही उताराला उभी केलीय का, खाली दगड लावू? ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या स्क्रूच्या बरण्या त्या टोपलीत मांडल्या, तेव्हा बोलायला लागली.

गेल्या रविवारी मी गेले तर भावोजी टेबलावर नकाशा पसरून बसले होते. तटावरून पलीकडच्या खोऱ्यात एक दुसरा डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर पडके बुरूज आहेत. तिकडे बस जात नाही, पायीच जावं लागतं.

"मेहुणीबाई, येणार का?" त्यांनी विचारलं. "सहा तासांची वाट आहे म्हणे."

"कुणी सांगितलं, सहा तास?"

"कुणी नाही. नकाशावर मोजलं." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि मला विचारू नकोस तिथे काय बघण्यासारखं आहे ते. मला नाही माहीत."

ताई आतून ओरडली, पाण्याच्या बाटल्या आधी धुवा, त्या कपाटाच्या वर आहेत. भावोजी सावकाश उठले आणि स्टूल शोधायला गेले.